हवा किती गरम, हे इंजिनाला खरं कळू द्या

‘हवेच्या सेन्सरच्या जागी एक रेझिस्टर टाक. कॉम्प्युटरला वाटतं हवा गार आहे, तो पेट्रोल वाढवतो आणि गाडी सुसाट सुटते.’ पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या गॅरेजांत आणि सांगली-मिरजेच्या हौशी पोरांच्या गप्पांत हा सल्ला इतक्या खात्रीनं दिला जातो, की ऐकणारा त्याच संध्याकाळी वायर कापायला बसतो. इनटेक एअर टेम्परेचर सेन्सरबद्दल जेवढे गैरसमज आहेत, त्या सगळ्यांचं मूळ या एका सल्ल्यात आहे. हा सेन्सर म्हणजे ताकद वाढवायचा पार्ट आहे, असं धरून त्याच्याकडे पाहिलं जातं. त्याचं खरं काम एवढंच, की सिलिंडरमध्ये जाणारी हवा किती गरम आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगायचं. तो खरं सांगेल अशी निवड आणि तो खरं सांगू शकेल अशी जागा, या दोन गोष्टी सांभाळल्या की त्याच्याकडून आणखी काही मागायला नको.

आत काय असतं ते आधी पाहू. टोकाला एक बारीक थर्मिस्टर असतो. तो गरम झाला की त्याचा रोध घटतो, गार झाला की वाढतो. ईसीयू आतल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो, दोघांच्या मध्ये किती व्होल्ट उरले ते मोजतो आणि आपल्या आतल्या तक्त्यात बघून अंश सेल्सिअस काढतो. वायरी दोनच, आणि त्यांना उलट-सुलट नाही.

आता रेझिस्टरची युक्ती. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशाला २५०० ओम असतो आणि ० अंशाला ५९०० ओमच्या आसपास. म्हणजे साडेपाच-सहा किलोओमचा रेझिस्टर लावला, की एप्रिलच्या दुपारी विट्याच्या रस्त्यावर ३८ अंश हवा ओढणाऱ्या इंजिनाला ईसीयू काश्मीरचा हिवाळा समजतो. ज्या गाड्यांत हवेचं वजन दाब आणि तापमानावरून काढलं जातं, त्यांत या चुकीनं इंधन सुमारे १४ टक्के जादा जातं. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि इंधन परत खाली आणतो, म्हणजे फायदा शून्य. पाय पूर्ण दाबला, की ईसीयू त्या सेन्सरचं फारसं ऐकत नाही. मग मिश्रण खरोखर जाड होतं, प्लग काळे पडतात आणि अ‍ॅव्हरेज पडतं. सगळ्यात वाईट गोष्ट इग्निशनची होते. गरम हवेत नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकणं) होऊ नये म्हणून ईसीयू टायमिंग मागे घेत असतो. हवा गार आहे असं सांगितलं, की तो ही काळजी सोडून देतो. भर उन्हात चार जण बसवून खंबाटकी चढताना पिस्टनवर जो मारा होतो, तो या रेझिस्टरच्या कृपेनं होतो. शिवाय नव्या गाड्या रात्रभर उभ्या राहिल्यावर सकाळी हवेचं आणि कूलंटचं तापमान ताडून बघतात. दोन्ही जवळपास सारखं हवं. एक २५ आणि दुसरं कायमचं शून्य दिसलं, तर इंजिन चेक लाइट लागलाच.

याचंच भावंड म्हणजे ‘कपलर काढून ठेवला तरी गाडी चालते, म्हणजे सेन्सर बिनकामाचा.’ गाडी चालते, कारण वायर तुटल्याचं ईसीयूला कळतं. तो पी ०११३ हा कोड नोंदवतो आणि एक ठरावीक आकडा गृहीत धरून कसंबसं काम भागवतो. वायर शॉर्ट झाली तर पी ०११२ येतो. घरी जाईपर्यंत वेळ निभावी म्हणून केलेली ती सोय आहे.

सांगली-साताऱ्याच्या या भागातल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी सांगलीच्या याच पट्ट्यात उभी राहिली. प्रिया स्कूटर साताऱ्यात बनायची. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जुळवलेली, किकवर सुरू होणारी छोटी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. जुळवून घेण्याची ही विद्या इथे पिढीजात आहे. पण कार्ब्युरेटरच्या जमान्यात कान आणि हात पुरत असत. ईसीयूच्या गाडीत एक आकडा चुकला की पुढचा सगळा हिशेब चुकतो, आणि ती चूक कानाला ऐकू येत नाही.

सेन्सरच्या निवडीत सर्वाधिक फसवणारा समज हाच: ‘दोन वायरींचा कुठलाही सेन्सर चालतो, कपलर बसला म्हणजे झालं.’ एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. स्टँडअलोन ईसीयू लावणारे बरेच जण जनरल मोटर्सच्या नमुन्याचा उघड्या टोकाचा सेन्सर मागवतात. सेन्सर उत्तम आहे. पण त्याचा रोध २० अंशाला ३५२० ओम असतो, बॉशचा २५००. समजा ईसीयूत बॉशचा तक्ता आहे आणि सेन्सर जीएमचा लावला. हवा खरोखर २० अंश असताना ईसीयू वाचतो सुमारे १२. हवा ४० अंश असताना वाचतो सुमारे ३४. आणि ८० अंशाला? जीएमचा ३३२ ओम, बॉशचा ३२३, फरक जेमतेम अंशभराचा. म्हणजे गाडी तापवून, स्कॅनर लावून तपासलं तर सगळं ठीक दिसतं. डिसेंबरच्या पहाटे कासच्या रस्त्यानं निघालं, की आठ अंशांची चूक आणि इंधनात जवळपास तीन टक्के फरक. ‘सकाळी जड वाटते, नंतर बरी होते’ अशा तक्रारीत बिचारे इंजेक्टर साफ होतात, प्लग बदलले जातात, पण तक्त्याकडे कुणी पाहत नाही. सेन्सर घेताना त्याचा रोध-तापमान तक्ता मिळतो का, हे आधी विचारावं. तक्ता नसलेला स्वस्त सेन्सर कितीही नवा असो, मी तो गाडीत लावू देणार नाही. आणि मूळ ईसीयूच ठेवणार असाल, नुसतं रिमॅप करणार असाल, तर मूळ कंपनीच्याच क्रमांकाचा सेन्सर लावणं सर्वांत शहाणपणाचं.

कूलंटचा सेन्सर हवेसाठी वापरण्याचा जुगाडही बराच चालतो. रोध जुळतो, आटेही बसतात. पण त्याचा थर्मिस्टर पितळी टोपणात बंद असतो. पाण्यात हे चालतं, कारण पाणी भराभर उष्णता देतं. हवा देत नाही. यवतेश्वरच्या वळणांवर पाय चार सेकंद दाबला जातो, चार सेकंद सुटतो. तेवढ्यात पितळ हललेलंही नसतं. हवेसाठी जाळीदार टोपणातला उघडा थर्मिस्टरच हवा. दुसऱ्या टोकाला काही जण सायलेन्सरच्या तापमानासाठी वापरतात ते थर्मोकपल सुचवतात. ते वेगवान असतं हे खरं, पण ते रोध बदलत नाही, मिलिव्होल्ट देतं. ईसीयूच्या या वायरींना ते जोडून काहीच साधत नाही.

आता जागा. चांगला सेन्सर वाईट जागी बसवला, तर तो इमानदारीनं चुकीची गोष्ट सांगत राहतो.

सोपं म्हणून लोक अ‍ॅल्युमिनियमच्या इनटेक मॅनिफोल्डला भोक पाडतात, टॅप मारतात आणि सेन्सर आवळतात. धातू जाड असतो, आटे घट्ट बसतात, दिसायलाही छान. पण मॅनिफोल्ड हेडला चिकटलेला असतो आणि हेड ९० अंशांवर. उष्णता धातूतून सेन्सरच्या अंगात शिरते. हे पाहायचं असेल तर पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या पायथ्याला चहाला थांबावं. इंजिन बंद, पंखा बंद, बॉनेटखाली वारा नाही. वीस मिनिटांनी गाडी सुरू करून स्कॅनर लावला, की बाहेर ३५ अंश आणि सेन्सर ७० दाखवतोय असं सहज घडतं. लगेच घाट लागतो. थ्रॉटल उघडतो, आत येणारी हवा ४०-४५ अंशांची आहे, पण सेन्सरचं पितळ अजून तापलेलंच. ईसीयू टायमिंग मागे घेतो, हवा विरळ समजून इंधनही कमी देतो. गाडीला पिकअप राहत नाही. मग फ्युएल पंपावर, क्लचवर, टर्बोवर संशय घेतला जातो. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये हा त्रास बराच कमी असतो.

म्हणून थ्रॉटलच्या आधीच्या पाइपात, इंजिनापासून थोडं दूर, प्लास्टिकच्या किंवा रबरी बैठकीत बसलेला सेन्सर जास्त खरं सांगतो. टर्बो नसलेल्या गाडीत फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधली जागा यासाठी चालते. मात्र फिल्टरच्या अगदी तोंडाशी नको. तिथून थ्रॉटलपर्यंत पाइप बॉनेटखालून जातो आणि वाटेत हवा तापते. सेन्सर तापण्याच्या आधीचा आकडा देईल, सिलिंडरला मिळेल तापल्यानंतरची हवा.

टर्बो गाडीत हीच चूक फार महागात पडते. ‘हवा फिल्टरमधूनच येते ना, मग तिथलंच तापमान मोजलं की झालं’ असा युक्तिवाद होतो. हवा दाबली की ती तापते. बाहेर ३५ अंश आहे, टर्बोनं दाब दुप्पट केला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या घरात जाते. इंटरकूलर ती ५०-६० पर्यंत आणतो. त्याच्या पंखांत चिखल बसला असेल, उसाच्या गाड्यांच्या मागे धूळ खात महिनाभर फिरणं झालं असेल, तर तेवढंही आणत नाही. फिल्टरपाशी बसलेल्या सेन्सरला यातलं काहीच कळत नाही. टर्बो गाडीत सेन्सर इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या आधीच्या गार पाइपात हवा. काही गाड्यांत दाब आणि तापमान मोजणारा जोड-सेन्सर कंपनीनंच तिथे दिलेला असतो. इंटरकूलर मोठा टाकताना आणि पाइप बदलताना त्याची जागा सोडायची राहून जाते. मग तो टाय मारून कुठेतरी लटकवला जातो. असं करू नका. नव्या पाइपवर बैठक आधी आर्गॉन वेल्डिंगनं बसवून घ्या आणि मगच पाइप रंगवा.

बसवण्याच्या बारकाव्यांत माझा आग्रह तीन गोष्टींचा असतो. सेन्सरचं टोक पाइपाच्या भिंतीलगत राहू नये, मधल्या भागात पोचावं. कडेची हवा संथ असते आणि भिंतीची उष्णता घेते. सेन्सर पाइपाच्या तळाशी नको, वरून किंवा बाजूनं हवा. टर्बोचं आणि क्रँककेसचं तेल तळाशी साचतं, आणि तेलानं माखलेला थर्मिस्टर पितळी टोपणातल्यासारखाच आळशी होतो. तिसरी गोष्ट टर्बोवाल्यांसाठी: रबरी ग्रोमेटमध्ये नुसता दाबून बसवलेला सेन्सर दाब चढला की बाहेर उडतो. त्याला आटे किंवा बोल्ट लागतोच. निमुळत्या आट्यांचा सेन्सर अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीत फार आवळला तर बैठक चिरते. टेफ्लॉन टेप लावायला हरकत नाही, कारण दोन वायरींचा सेन्सर बॉडीतून अर्थ घेत नाही.

अर्थचा विषय निघालाच आहे, तर तिथेही एक समज आहे. ‘एक वायर ईसीयूला, दुसरी चेसिसला, काम झालं.’ पंखा सुरू झाला, हेडलाइट लागले, की चेसिसच्या अर्थमध्ये थोडे व्होल्ट चढतात आणि तापमानाचा आकडा उगीच हलतो. सेन्सरची दुसरी वायर ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच परत न्यावी. सांधा सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवावी. पिळून टेप गुंडाळलेला सांधा कोयनेच्या एका पावसाळ्यातच हिरवा पडतो, आणि वाढलेला रोध ईसीयूला गार हवा म्हणून दिसतो.

डिझेलवाले या सगळ्यात स्वतःला सुरक्षित समजतात. स्पार्क नाही, नॉकिंगची भीती नाही, मग सेन्सर कशाला? फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये ‘डीडीआयएस’ या नावानं आलं आणि त्या गाड्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत आजही भरपूर धावतात. अशा इंजिनांत हवा किती आली यावरून धूर न होता किती डिझेल मारता येईल, ही मर्यादा ईसीयू ठरवतो. ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा, टर्बोला किती दाब करू द्यायचा, यातही तापमान लागतं. सेन्सर गार सांगू लागला की हवा जास्त आहे असं समजून डिझेल जास्त जातं आणि मागे काळा धूर निघतो. रिमॅप केलेल्या गाडीचा धूर कौतुकानं दाखवणारे बरेच भेटतात. तो न जळलेल्या डिझेलचा धूर आहे, पैसे देऊन घेतलेल्या डिझेलचा.

बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर टाकला की ‘गार हवा’ मिळते, हा समज त्या पार्टच्या जाहिरातींनी पक्का केला आहे. मूळ एअरबॉक्स हवा पुढून, जाळीच्या मागून घेतो. उघडा फिल्टर रेडिएटरमागची हवा ओढतो. बाहेर ३५ आणि बॉनेटखाली ६० अंश असतील, तर हवेची घनता साडेसात टक्क्यांनी कमी होते. आवाज मात्र वाढतो, आणि आवाजालाच ताकद समजलं जातं. असा फिल्टर टाकल्यावर सेन्सर जास्त तापमान दाखवू लागला तर त्याला दोष देऊ नये. तो बरोबर आहे. फिल्टर एका बंद पेटीत घालून तिला पुढून हवा द्यावी. तेल लावलेले सुती फिल्टर धुतल्यावर तेल जास्त झालं, तर ते थर्मिस्टरवर बसतं, हेही लक्षात ठेवावं.

घाटाबद्दलचा गैरसमज सगळ्यांत गोड आहे. ‘महाबळेश्वरात हवा गार, म्हणून गाडी तिथे जास्त ताकद देते.’ सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. सांगलीत हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, महाबळेश्वरात ८६. सांगलीत ३८ अंश आणि महाबळेश्वरात २५ अंश धरून हिशेब केला, तरी महाबळेश्वरची हवा पाच टक्क्यांच्या आसपास विरळच भरते. तेरा अंशांचा गारवाही उंचीची भरपाई करू शकत नाही. टर्बो नसलेली गाडी पसरणी घाट चढत वर जाताना ताकद घालवतच जाते. नॉकिंगचा धोका कमी झाल्यानं इंजिन गुळगुळीत चालतं, त्यातून हा भास होतो. म्हणूनच ईसीयूला तापमान एकटं पुरत नाही, जोडीला दाबाचा आकडा लागतो. एअरफ्लो सेन्सरच्या गाड्यांत हवेचं वजन थेट मोजलं जातं. तिथे तापमानाची चूक इंधनापेक्षा टायमिंगमध्ये जास्त जाणवते.

या जिल्ह्यांत ऊस मुबलक, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्याही मुबलक. त्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर चर्चा रंगते. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पटींच्या आसपास उष्णता लागते, म्हणून ते हवा गार करतं, हे खरं. पण नेहमीच्या इंजिनात इंधन व्हॉल्व्हजवळ फवारलं जातं, सेन्सरच्या बरंच पुढे. हा गारवा सेन्सरला दिसतच नाही, तेव्हा त्याच्यासाठी सेन्सर बदलायची गरज नाही. सीएनजी किटच्या रेलवर आणि रिड्यूसरवर असतात ते तापमानाचे सेन्सर गॅसचे आणि पाण्याचे. त्यांना हवेचे समजून अदलाबदल करू नये.

कायद्याचं थोडक्यात. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते काटेकोर अर्थानं मांडलं. एमएच १० असो, एमएच ११ असो की कराडची एमएच ५०, इंजिन बदलणं किंवा सीएनजी बसवणं आरसी बुकावर चढवावंच लागतं. मूळ नमुन्याचा खराब सेन्सर बदलणं ही साधी दुरुस्ती आहे.

नवा सेन्सर बसवण्याआधी घरीच तपासता येतो. टोक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधी बर्फाच्या पाण्यात धरायचं, मग घरातल्या हवेत, मग उकळत्या पाण्यात. मल्टिमीटरवर बॉशच्या सेन्सरचे आकडे बर्फाच्या पाण्यात ५९०० च्या आणि खोली २० अंशांची असेल तर २५०० च्या जवळ यायला हवेत. उकळत्या पाण्याला १०० अंश धरून लोक १८६ ओमची वाट पाहतात आणि सेन्सर चुकीचा ठरवतात. साताऱ्याच्या उंचीवर पाणी साडेसत्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे २०० ओमच्या जवळचा आकडा आला, तर सेन्सर बरोबर आहे.

बसवून झाल्यावर स्कॅनर लावून एक फेरी मारावी. पहाटे इंजिन सुरू करण्याआधी हवेचं आणि कूलंटचं तापमान दोन-तीन अंशांच्या फरकात हवं. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला, टर्बो नसलेल्या गाडीत, आकडा बाहेरच्या हवेपेक्षा पाच-दहा अंश वर राहावा. मग गाडी तापवून पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवावी आणि थेट चढाला लावावी. आकडा आधी वर गेलेला असणारच. चढावर मिनिटभरात तो झपाट्यानं उतरला तर जागा बरोबर आहे. माथा आला तरी तो ७० वरून हलत नसेल, तर सेन्सर हवेऐवजी धातूचं तापमान सांगतोय, आणि त्याला तिथून काढून थ्रॉटलच्या आधीच्या पाइपात न्यावं लागेल.